डबे संपल्यावर

जगबुडीनंतरची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? झॉम्बी, बंदुका, फाटकं जॅकेट घातलेला दाढीवाला हीरो आणि ओसाड सुपरमार्केटमधून डबाबंद अन्न शोधत फिरणारी माणसं. हॉस्टेलवर 'द लास्ट ऑफ अस' बघून झालं की रात्री दोन वाजता जी चर्चा रंगते तीही ठरलेलीच. "तू किती दिवस टिकशील?" मेकॅनिकलवाले जीप दुरुस्त करणार, सिव्हिलवाले भिंत बांधणार, आणि कॉम्प्युटरवाल्यांना कुणीच आपल्या टोळीत घेत नाही (सॉरी दोस्तांनो!). आम्ही इलेक्ट्रिकलवाल्या जनरेटर चालू करणार, असं आम्हीच ठरवून टाकलंय.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच मुळात सोपा आहे. पहिले शंभर दिवस माणूस कसा टिकला यावर हजार पुस्तकं आणि सिनेमे आहेत. कारखान्यांनी बनवलेला माल रस्त्यावर फुकट पडलेला असताना चारदोन माणसांनी टिकणं यात विशेष ते काय? खरी परीक्षा डबे संपल्यावर. आणि त्या परीक्षेबद्दल लिहिलेली एक कादंबरी मी सेमिस्टरच्या सुट्टीत वाचली, जी आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकली असेल. जॉर्ज आर. स्ट्यूअर्टची 'अर्थ अबाइड्स'. प्रकाशन १९४९. म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणीची! (२०२४ मध्ये त्यावर एक मालिका आली, पण मी पुस्तकाबद्दलच बोलणार आहे.)

हा स्ट्यूअर्ट कोण, तर बर्कलीच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक. त्याच्या १९४१च्या 'स्टॉर्म' या कादंबरीत एका वादळाला 'मारिया' असं नाव दिलंय, आणि पुढे वादळांना माणसांची नावं द्यायची जी पद्धत पडली तिला त्या पुस्तकाने हातभार लावला असं म्हणतात. असो. सांगायचा मुद्दा, माणूस इंग्रजीचा मास्तर असूनही त्याला यंत्रणा कशा चालतात याची जबरदस्त उत्सुकता होती. आमच्यात उलटं असतं, इंजिनिअर असूनही उत्सुकता नसते.

गोष्ट थोडक्यात सांगते. ईश नावाचा एक विद्यार्थी, भूगोल-पर्यावरणावर प्रबंध लिहिणारा, कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एकटा राहतोय. त्याला एक जुना हातोडा सापडतो आणि त्याच वेळी साप चावतो. चारपाच दिवस तापाने फणफणून तो खाली उतरतो तर जग संपलेलं. एका साथीत जवळजवळ सगळी माणसं मेलेली. ईश बर्कलीतल्या आपल्या घरी येतो, आईवडील नाहीत. गाडी काढून थेट न्यू यॉर्कपर्यंत जाऊन परत येतो. मग त्याला एम भेटते, दोघं संसार थाटतात, हळूहळू आणखी चारपाच मोठी माणसं येऊन मिळतात, मुलं होतात, आणि या सगळ्यांची एक टोळी बनते. दर वर्षाच्या शेवटी ते एका खडकावर वर्षाचा आकडा कोरतात आणि त्या वर्षाला एक नाव देतात. बस्स. ना झॉम्बी, ना मोठी लढाई. माझ्या रूममेटने पन्नास पानांनंतर पुस्तक परत दिलं, "यात काही होतच नाही" म्हणून.

पण होतं! फक्त सावकाश होतं.

पहिली गोष्ट म्हणजे दिवे. माणसं मेल्यावरही ईशच्या शहरातले रस्त्यांवरचे दिवे कितीतरी दिवस जळत राहतात. ईश आणि एम एकत्र असताना एका रात्री ते मंद होत जातात आणि मग जातात. हे वाचल्यावर साहजिकच माझ्यातली पॉवर सिस्टिम्सवाली जागी झाली. असं होईल का? तर सरसकट नाही होणार. विजेचं उत्पादन आणि मागणी दर क्षणाला जुळवावी लागते. औष्णिक केंद्रात कोळसा भरणारं कुणी नसेल तर बॉयलर काही तासांतच थंड व्हायला लागेल, एक केंद्र पडलं की त्याचा भार दुसऱ्यावर, फ्रिक्वेन्सी घसरते, दुसरंही ट्रिप होतं, आणि मग पत्त्यांचा बंगला. आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला तेच झालं, उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या साठेक कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार, आणि तेही सगळे ऑपरेटर आपापल्या खुर्चीवर असताना! पण डोंगरातून पाणी खाली येतंय, टर्बाइन फिरतंय, गव्हर्नर धड आहे आणि नशिबाने तो तुकडा बाकीच्या ग्रिडपासून सुटा पडलाय, अशी जलविद्युत यंत्रणा माणसाशिवाय बरेच दिवस चालू शकते. कॅलिफोर्नियात डोंगरातल्या पाण्यावरची वीज पूर्वीपासून आहे. म्हणजे मास्तरांना निदान पासिंग मार्क द्यायला हरकत नाही.

आपल्यालाही याची झलक मिळाली होतीच की. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता आपण सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे घालवले, आठवतंय? तेव्हा मी शाळेत होते आणि गच्चीत पणती घेऊन उभी होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि पुन्हा वर गेली, आणि ग्रिड पडलं नाही. कारण जलविद्युत केंद्रांची निर्मिती आधी वाढवून ठेवून मग नेमक्या वेळी उतरवणारी माणसं कंट्रोल रूममध्ये बसली होती. आम्ही फोटो काढत होतो. त्या फोटोत ती माणसं कुठेच नाहीत.

आता पाणी. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात भयंकर भाग हाच आहे, साथीपेक्षाही. माणसं गेली तरी नळाला पाणी येत राहतं, कारण पाणी उंचावरच्या जलाशयातून उताराने येतंय, पंपाची गरज नाही. एक वर्ष येतं, पाच वर्षं येतं, वीस वर्षं येतं. टोळीतलं कुणीही एकदासुद्धा वर जाऊन बघत नाही की पाणी येतं कुठून. आणि एके दिवशी, एकवीस वर्षांनी, नळ कोरडा. वर जाऊन बघतात तर पाइप गंजून गेलेत, पाणी केव्हाचं गळून जातंय. मग धावपळ, विहीर खणा, संडास खणा. ईशला आठवतं की आपल्याला हे कधीतरी होणार हे माहीत होतं. तो दर वर्षी काहीतरी करायचं ठरवतो आणि दर वर्षी कुणाचा तरी वाढदिवस असतो, शिकार असते, हवा छान असते.

इथे मला हसूही आलं आणि धस्सही झालं. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर जे वातावरण असतं तेच हे, फक्त एकवीस वर्षं लांबलेलं!

या पुस्तकावर लिहिणारे बरेच जण म्हणतात की यात निसर्ग जिंकतो, माणूस येतो आणि जातो, पृथ्वी राहते. शीर्षकही बायबलमधल्या त्याच अर्थाच्या ओळीवरून घेतलंय (कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढल्याचा हा एक फायदा, संदर्भ पटकन लागला). मुंग्यांची संख्या बेसुमार वाढते आणि एकदम कोसळते, मग उंदरांची वाढते, ते एकमेकांना खातात आणि कमी होतात, हे सगळं स्ट्यूअर्टने फार सुंदर लिहिलंय. पण मला हे वाचन पुरेसं वाटत नाही. निसर्ग काही ईशच्या टोळीला हरवत नाही. उलट लाड करतो. हवा सौम्य, गुरं मोकाट, साप चावूनही हीरो जिवंत! त्यांचं जे जातं ते त्यांच्या हातून जातं, आणि तेही भुकेने नाही, पोट भरलेलं असताना जातं.

काय जातं? वाचन. ईश मुलांची शाळा घेतो. मुलं कंटाळतात. का शिकायचं, कशाला शिकायचं, डबा उघडायला अक्षर लागत नाही, लेबलवरचं चित्र पुरतं. फक्त जोई नावाचा त्याचा लहान मुलगा हुशार निघतो, त्याला वाचता येतं, त्याला प्रश्न पडतात. ईशची सगळी आशा जोईवर. आणि जोई टायफॉइडने मरतो. त्यानंतर ईश शाळा बंद करतो, कायमची. विद्यापीठाचं अख्खं ग्रंथालय जवळच शाबूत उभं आहे, लाखो पुस्तकं आहेत, आणि मुलांच्या लेखी ती एक निषिद्ध, जरा भीतिदायक इमारत आहे.

यावर माझ्या रूममेटचा (हो, तिने नंतर पुस्तक पूर्ण केलं, मी मागे लागून लागून) युक्तिवाद असा होता. ती म्हणाली, "अगं पण मुलं मजेत आहेत ना? जिवंत आहेत, धट्टीकट्टी आहेत, हसतात, लग्नं करतात, त्यांना मुलं होतात. सर्व्हायव्हल म्हणजे आणखी काय? वाचता न येणारी माणसं जगली नाहीत का हजारो वर्षं?" हा मुद्दा मला झोपू देईना, कारण तो बरोबर आहे. वाचता न येणारी माणसं हजारो वर्षं जगली, आणि हुशारीने जगली. ईश जेव्हा अमेरिका पालथी घालतो तेव्हा त्याला दक्षिणेत एक कृष्णवर्णीय कुटुंब भेटतं, शेती करणारं. भाजी लावलीय, मका लावलाय, जनावरं आहेत. न्यू यॉर्कमध्ये त्याला एक जोडपं भेटतं, सुशिक्षित, सभ्य, पत्ते खेळत मद्य पीत बसलेलं. ईशला तेव्हाच कळतं की हे दोघे हिवाळा काढणार नाहीत आणि ते शेतकरी काढतील. पुस्तकी शिक्षणाचा टिकण्याशी काही संबंध नाही, हे स्ट्यूअर्ट स्वतःच सुरुवातीला दाखवून मोकळा झालाय.

पण एक फरक आहे, आणि रूममेटला मी दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो सांगितला. त्या शेतकऱ्यांना वाचता येत नसेल, पण पेरता येत होतं. त्यांच्या आईवडिलांनी त्यांना काहीतरी हातात दिलं होतं. ईशच्या मुलांकडे दोन्ही नाही. ते वाचत नाहीत आणि वीस वर्षं पेरतही नाहीत. जुन्या जगाचं जाणंयेणं बंद झालंय आणि नव्या जगाची शेती सुरू झालेली नाही, मधल्या मधे डब्यांवर चाललंय. ही आदिवासींची अवस्था नाही. आदिवासी माणसाला जंगलातलं प्रत्येक पान माहीत असतं. ही मेलेल्या श्रीमंत काकाच्या घरात राहणाऱ्या पुतण्यांची अवस्था आहे.

एका पिढीत इतकं जाऊ शकतं का, असं वाटत असेल तर आपल्याच घरात बघा. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद एका ट्रंकेत आहेत, मोडी लिपीत. पणजोबा मोडी लिहायचे. आजोबांना सही लागते आणि तारीख लागते. बाबांना ओ की ठो कळत नाही. आणि मी! मला देवनागरीच अशी वाचता येते की 'ज्ञ' आणि 'क्ष' आले की गाडी जरा स्लो होते (आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड असायचा, त्यामुळे हा लेख म्हणजे मी केलेली छोटीशी वसुली समजा). मोडी काही परदेशी लिपी नव्हती. शेकडो वर्षं महाराष्ट्राचा सगळा कारभार त्यात चालला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल मोडीत आहेत, त्यातले निवडक कागद रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस खंडांत छापले म्हणून निदान तेवढे आपल्याला वाचता येतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत होती. मग नव्हती. साथ आली नाही, अणुबाँब पडला नाही, कुणी पुस्तकं जाळली नाहीत. ट्रंक आहे तिथेच आहे, फक्त वाचणारा गेला. ईशच्या ग्रंथालयाचं अगदी हेच होतं.

याच विषयाची दुसरी बाजू एका दुसऱ्या कादंबरीत आहे आणि ती प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने वाचावी असं मी छातीठोकपणे सांगते. वॉल्टर मिलरची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ', १९५९. मिलर दुसऱ्या महायुद्धात बाँबर विमानांवर होता आणि इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या प्राचीन मठावर १९४४ साली जी बाँबफेक झाली तीत तोही होता. त्याच्या कादंबरीत अणुयुद्धानंतर लोक चिडून विद्वानांना आणि पुस्तकांना संपवायला निघतात, आणि लीबोविट्झ नावाचा एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर (आपल्या ब्रँचचा!) पुस्तकं वाचवण्यासाठी मठ काढतो आणि मारला जातो. सहाशे वर्षांनी त्या मठातल्या फ्रान्सिस नावाच्या साधूला लीबोविट्झच्या हातची एक सर्किटची ब्लूप्रिंट सापडते. ती काय आहे हे त्याला अजिबात कळत नाही. पण तो पंधरा वर्षं खर्च करून तिची सोन्याच्या वेलबुट्टीची, अप्रतिम सुंदर नक्कल करतो. पुढे वाटेत चोर त्याला लुटतात आणि ती सोनेरी नक्कलच खरी मौल्यवान वस्तू समजून घेऊन जातात, मूळ कागद त्याच्याकडेच राहतो.

हे वाचताना मी खो खो हसले. कारण पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स आपल्याकडे कशा होतात हे मी वेगळं सांगायला नको. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर सीनिअरची शीट, वर कोरी शीट, की झाली 'जीटी' सुरू! सीनिअरने चुकीच्या जागी काढलेली हिडन लाइनसुद्धा इमानेइतबारे चाळीस शीट्सवर चुकीच्याच जागी उमटते. फरक एवढाच की फ्रान्सिसला पंधरा वर्षं लागली आणि आपल्याला एक रात्र. आणि फ्रान्सिसच्या बाजूने बोलायचं तर त्याला आपण काय उतरवतोय हे कळत नव्हतं याचं त्याला वाईट तरी वाटत होतं.

पण गंमत अशी की मिलरच्या कादंबरीत ही न समजता केलेली नक्कल कामाला येते! कित्येक शतकांनी त्याच मठात एक साधू त्या जुन्या कागदांच्या जोरावर डायनामो बनवतो आणि तळघरात दिवा पेटवतो. म्हणजे मिलरच्या मते घोकंपट्टीलाही किंमत आहे, कुणीतरी जपून ठेवलं तर पुढे कुणाला तरी समजेल. स्ट्यूअर्टच्या मते असं नसतं, वापरलं नाही ते गेलं. मी या दोघांत स्ट्यूअर्टच्या बाजूची आहे. मिलरच्या मठाला शिस्त होती, अन्न होतं, आणि मुख्य म्हणजे ही नक्कल पवित्र आहे असा विश्वास होता. आपली जीटी कुणाला पवित्र वाटते? सबमिशन झालं की रद्दीत. (कॉर्मॅक मॅकार्थीची 'द रोड' सगळ्यांना माहीत आहे, २००७ मध्ये तिला पुलित्झर मिळालं, वाचताना काळजाचं पाणी होतं. पण तिच्यात कुणी काही बनवतच नाही, बापलेक फक्त शोधत राहतात, त्यामुळे माझ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही.)

स्ट्यूअर्टकडे उत्तर आहे, आणि ते त्याने गुपचूप ठेवलंय. शाळा बंद केल्यावर ईश निराश होऊन एक दिवस मुलांसाठी खेळणं म्हणून धनुष्यबाण बनवतो. शिकवायचं म्हणून नाही, सहज. मुलं अक्षरशः वेडी होतात. प्रत्येकाला धनुष्य हवं, स्वतः बनवलेलं. बाणाच्या टोकाला ती जुनी नाणी ठोकून लावतात. आणि पुढे जेव्हा बंदुकीची काडतुसं जुनी होऊन फुसकी निघायला लागतात, तेव्हा याच खेळण्यावर पुढची पिढी शिकार करते. लाखो पुस्तकं वाचवू शकली नाहीत ते एका दुपारच्या सुतारकीने केलं.

इथे मला ईशचा रागही येतो. त्याच्या टोळीत जॉर्ज नावाचा एक सुतार आहे. ईशच्या मते तो मठ्ठ. पण सगळ्यांची घरं धड उभी आहेत ती जॉर्जमुळे! ईशने वर्गात फळ्यासमोर मुलांना कोंबण्याऐवजी जॉर्जबरोबर त्या जलाशयावर पाठवलं असतं, दर महिन्याला, पाइप ठोकून बघायला, तर पाणीही राहिलं असतं आणि भूमितीही. गळती मोजायची म्हणजे आकडे आले, आकडे लिहून ठेवायचे म्हणजे अक्षर आलं. ईशला ज्ञान म्हणजे पुस्तक एवढंच माहीत. हा आजार आपल्याकडेही आहे. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो, माइल्ड स्टीलची दोन चौकोनी पातं घासून एकमेकांत बसवायची. वर्गातले अर्धे जॉब कोण पूर्ण करतं? वर्कशॉपचे मामा. मामा दहा मिनिटांत फाइल मारून काटकोन जमवतात आणि आपण जर्नलमध्ये 'प्रोसिजर' लिहितो. कॉलेजमध्ये ज्यांना खरोखर काही बनवता येतं त्यांना आपण मामा म्हणतो आणि ज्यांना बनवता येत नाही त्यांना डिग्री देतो! हे प्राचार्यांनी वाचलं तर वाचू दे.

एका बाबतीत मात्र स्ट्यूअर्टला मी माफ करणार नाही. एम. ही पुस्तकातली सगळ्यात धीराची व्यक्ती आहे. पहिलं मूल व्हायचं असतं, डॉक्टर नाही, दवाखाना नाही, ईश घाबरतो, ती घाबरत नाही. ती कृष्णवर्णीय वंशाची आहे हे ती त्याला सांगते तेव्हा तो सहज हसण्यावारी नेतो. आज हे साधं वाटेल, पण कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि काळ्यांच्या लग्नावरची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली, म्हणजे पुस्तकाच्या फक्त एक वर्ष आधी रद्द केली होती. एवढं धाडस करून लेखक काय करतो, तर तिला 'आदिमाता' बनवून मखरात बसवतो. शाळा कोण घेणार, पाण्याचं काय करायचं, मोहीम कुठे पाठवायची, हे सगळं ईशच्या डोक्यात. टोळीतल्या कुठल्याही बाईला काय येत होतं, तिचं पूर्वीचं काम काय, कुणी विचारतच नाही. आमच्या वर्गात साठात अकरा मुली आहेत, त्यामुळे हे मला जरा जास्तच बोचलं असेल.

आणि चार्ली. मुलं जीप घेऊन पूर्वेकडे जातात आणि येताना चार्ली नावाचा एक माणूस घेऊन येतात. तो घाणेरडा आहे, त्याला गुप्तरोग आहेत, आणि त्याची नजर टोळीतल्या एका मतिमंद मुलीवर आहे. मोठी माणसं बसतात, चिठ्ठ्या टाकून मतं घेतात, आणि त्याला फाशी देतात. त्याने अजून काही केलेलं नाही, तो करील म्हणून. टोळी जगावी म्हणून. मला हे पान दोनदा वाचावं लागलं. वीस वर्षं पाइप बघायला ज्यांना वेळ झाला नाही त्यांना माणूस मारायला एक संध्याकाळ पुरते. आणि ज्याच्यासाठी त्यांनी हे केलं ते साधतही नाही, कारण जोईला नेणारा टायफॉइड चार्लीबरोबर आधीच येऊन पोचलेला असतो. पाणी उकळून प्यायचं, संडास विहिरीपासून दूर ठेवायचा, हे कंटाळवाणं काम आधी झालं असतं तर? सर्व्हायव्हलच्या गोष्टींतला हीरो नेहमी कठोर निर्णय घेतो. तो गटार साफ करताना मात्र कधी दिसत नाही.

शेवटी ईश खूप म्हातारा होतो. त्याची पतवंडं त्याला अर्धा देव मानतात, त्याच्या हातोड्याला पवित्र मानतात, आणि प्रश्न विचारून उत्तर मिळालं नाही तर देवाला चक्क चिमटे काढतात (हा भाग धमाल आहे). 'अमेरिकन' म्हणजे कुणीतरी प्राचीन शक्तिमान लोक, ज्यांनी घरं, रस्ते आणि कदाचित डोंगरही बनवले, अशी त्यांची समजूत. जॅक नावाचा त्याचा देखणा, चपळ पणतू आपले बाण त्याला दाखवतो. काहींना तांब्याच्या नाण्यांची लाल टोकं, काहींना चांदीच्या नाण्यांची पांढरी. अमक्या जनावराला लाल लागतं, तमक्याला पांढरं. का, असं ईश विचारतो. जॅकला कळतच नाही की यात 'का' काय विचारायचं. तसंच असतं ना!

ईश वाद घालत नाही, सोडून देतो. बरेच वाचक म्हणतात की हा त्याचा शहाणपणा, त्याने नवं जग स्वीकारलं. मी असते तर नसतं सोडलं, चिमटे बसले तरी. जॅकला म्हटलं असतं, ती समोरची फळी दिसतेय? तीस पावलांवरून दहा लाल मार, दहा पांढरे मार, आणि किती बोटं आत गेले ते खडकावर कोरून ठेव.